माझं मला

"कॅन यू वॉश?"

समोरच्या मुलीनं अगदी मायेनं विचारलं. मी त्या वेळी पंचाहत्तर वर्षांची, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली आणि उद्या घरी जायची म्हातारी होते. म्हणून म्हातारीच्याच आवाजात म्हटलं, "वॉश व्हॉट, डिअर? द डिशेस?"

बाकीच्या तिघी फिसकन हसल्या. हिला कळेना, चुकलं कुठं.

हे आमच्या सोप्यात चाललेलं. मिरजेत बाहेरच्या खोलीला आम्ही अजून सोपाच म्हणतो, आता तिथं सोफा आला तरी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इंग्रजीची शिकवणी काढली आणि वर्षभरात ती नुसती नर्सिंगच्या मुलींची होऊन बसली. गावच दवाखान्यांचं. शिकून झालेल्या मुलींना आयर्लंडला नाहीतर इंग्लंडला जायचं असतं, त्यासाठी त्या ओईटी नावाची परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात दोन प्रसंग वठवायचे, एकेक साधारण पाच मिनिटांचा. हातात कार्ड, कार्डावर पेशंटची हकीकत आणि नर्सनं काय विचारायचं, काय समजावून सांगायचं ते. समोरचा माणूस पेशंट होतो, नाहीतर पेशंटची लेक. सरावाला पेशंट म्हणजे मीच. चार वर्षांत मला तीनदा मधुमेह झालाय, एकदा बायपास, दोनदा खुबा मोडलाय आणि साठीनंतर एकदा मी बाळंतही झालेय.

तर "कॅन यू वॉश". व्याकरणाच्या हिशोबानं त्यात खोट नाही. जेवायच्या आधी "आय मस्ट वॉश" असं इंग्रज माणूस म्हणतोच, आणि तो भांडी घासायला निघालेला नसतो. पण म्हातारीला नर्सनं विचारायचं ते "कॅन यू वॉश युवरसेल्फ?" मी सांगितलं, फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली. पुढच्या प्रसंगात मी रक्तदाबाची पेशंट झाले आणि हीच मुलगी मला म्हणाली, "यू मस्ट रिलॅक्स युवरसेल्फ. यू शुड स्लीप युवरसेल्फ अर्ली. यू विल फील युवरसेल्फ बेटर." शेपूट एकदा हाती लागल्यावर तिनं ते दिसेल त्या क्रियापदाला बांधून टाकलं.

मी पुन्हा खोडलं. रिलॅक्सला नको, स्लीपला तर नकोच नको, फीलला नको. एंजॉयला हवं. बिहेवला हवं.

"मॅडम, कुठं लावायचं नि कुठं नाही, एकदाच काय ते सांगा की," ती वैतागली. "गाइडात तर दिलंय, मोडलनंतर रिफ्लेक्झिव्ह येतो म्हणून."

येतो खरा. पण शेजारच्या घरात चोर शिरला त्या वेळी आपण गल्लीत होतो, म्हणून काही आपण चोराचे साथीदार होत नाही. कॅन, मे, मस्ट, शुड, वुड ही मोडल मंडळी फार मितभाषी. त्यांना एस लागत नाही, आयएनजी लागत नाही, पुढं टू चालत नाही (एक ऑट सोडला तर), आणि कर्मही लागत नाही. त्यांच्या पुढं एक क्रियापद मूळ रूपात येऊन बसतं, त्या क्रियापदाला कर्म हवं असलं तर ते येतं, आणि ते कर्म आणि कर्ता एकच असले तर मायसेल्फ, युवरसेल्फ येतो, तोच रिफ्लेक्झिव्ह. म्हणजे युवरसेल्फ बांधलेला असतो वॉशला. नजर मात्र त्याची मस्टच्या डोक्यावरून मागे, कर्त्याकडे. मस्टच्या जागी कॅन आला, मे आला, त्याला काही फरक पडत नाही. कर्ता बदलला की तो बदलतो.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. रात्रपाळीच्या नर्सनं सकाळी रिपोर्ट देताना "शी माइट हर्ट हरसेल्फ" म्हणायच्या ऐवजी "शी माइट हर्ट हर" म्हटलं, तर ऐकणारी आधी शेजारच्या खाटेवरच्या बाईला हलवेल. पहिल्या वाक्यात पेशंटच्या हाताशी कात्री ठेवू नका असा निरोप आहे, दुसऱ्यात पेशंट मारकी आहे अशी तक्रार.

एवढं मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय आणि मुलांच्या वहीत ते बरोबर उतरतं. पण रिलॅक्सला का नको, एंजॉयला का हवं, या प्रश्नाला माझ्याकडे यादी होती, उत्तर नव्हतं. आणि वॉशला कधी हवं नि कधी नको, याला तर यादीही नव्हती.

उत्तर त्या मुलींच्याच पुस्तकात सापडलं, इंग्रजीच्या नव्हे, नर्सिंगच्या. पेशंट स्वतःचं स्वतः किती करू शकतो हे मोजायला एक तक्ता वापरतात. सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं तो १९६३ साली मांडला, अजून वापरात आहे. सहा गोष्टी विचारायच्या: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-परसाकडचा ताबा, आणि खाणं. या सहांचे प्रश्न इंग्रजीत विचारून बघा. कॅन ही वॉश हिमसेल्फ? कॅन ही ड्रेस हिमसेल्फ? कॅन ही फीड हिमसेल्फ? धडधाकट माणसाबद्दल बोलताना इंग्रज "ही वॉश्ड अँड ड्रेस्ड" एवढंच म्हणतो. आंघोळ करणारा आणि करवून घेणारा एकच, हे सांगायची गरजच नसते. दोन वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा शर्ट घातला, किंवा ऐंशीच्या आजोबांना घालता येतो का अशी शंका आली, की लगेच "कॅन ही ड्रेस हिमसेल्फ". दाढीचंही तेच. रोज दाढी करणारा नुसता "शेव्ह" करतो. हात प्लॅस्टरमध्ये असला की त्याचा "शेव्ह हिमसेल्फ" होतो.

जे गृहीत धरलेलं असतं ते बोलायची गरज नसते. गृहीत धरता येईनासं झालं की सेल्फ वाक्यात येतो. आणि ही शंका बहुधा कॅन-कान्ट मधूनच व्यक्त होत असल्यामुळे या दोघांची जोडी कानाला ओळखीची वाटते. गाइडवाला अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

मी हे मुलींना सांगितलं तेव्हा मघाची वैतागलेली गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे आयसीयूमधल्याला सेल्फ लागतो आणि ओपीडीतल्याला नाही." मी इतकं नेटकं कधी शिकवलं नाही.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन्ही पात्रं वेगळी होती. तेव्हाचा कॅन म्हणजे जाणणे, ठाऊक असणे. त्याला थेट कर्म चालायचं, एखादी भाषा "कॅन" करता यायची. मराठी माणसाला यात काही नवल वाटायचं कारण नाही. "मला पोहता येतं" आणि "मला कानडी येतं" यात आपलं येतं एकच आहे. (मिरजेत कानडी यावं लागतं. माझ्या आजीला भाजीवालीशी भांडण्यापुरतं यायचं, म्हणजे बऱ्यापैकी.) इंग्रजीनं मात्र पुढं कॅनची कर्म घ्यायची सवय मोडली आणि त्याला दुसऱ्या क्रियापदाचा नोकर करून टाकलं.

सेल्फची गोष्ट उलटी. तो तेव्हा फक्त जोर द्यायला यायचा, आपल्या खुद्द किंवा स्वतः सारखा: खुद्द राजा आला. "त्यानं स्वतःला धुतलं" असं म्हणायला साधं "त्याला" पुरायचं, म्हणजे धुतलेला तोच की दुसरा कुणी हे संदर्भावरून ओळखायचं. घोटाळा टाळायला लोक त्या त्यालाच्या मागं सेल्फ जोडू लागले आणि जोडता जोडता तो चिकटून बसला. सांधा नीट बसला नाही तो नाहीच. मायसेल्फमध्ये माय आहे, म्हणजे माझा. हिमसेल्फमध्ये हिम आहे, म्हणजे त्याला. दर बॅचला एक तरी मुलगी हिजसेल्फ लिहिते, आणि तर्काला धरून तीच बरोबर असते. इंग्लंडातल्या काही बोलींत तसं म्हणतातही. मी लाल रेघ मारते, पण बारीक.

आता आपल्याकडे बघू.

पाहुण्याला मराठीत "हेल्प युवरसेल्फ" कसं म्हणाल? "स्वतःला मदत करा" म्हटलं तर तो उठून जाईल. आपण म्हणतो, "घ्या ना. वाढून घ्या." टेक केअर ऑफ युवरसेल्फला परवापरवापर्यंत "जप" पुरत होतं, "जिवाला जप" ही फारच काळजी असली तर. "स्वतःची काळजी घे" हे अलीकडचं, मोबाइलवरच्या मेसेजांतून आलेलं. त्यात मला नेहमी भाषांतराचा वास येतो. पुल युवरसेल्फ टुगेदर म्हणजे "सावर". कंट्रोल युवरसेल्फ म्हणजे "आवर". यू शुड बी अशेम्ड ऑफ युवरसेल्फ याला तर आपल्याकडे तयार दागिना आहे: "जनाची नाही तर मनाची तरी ठेव." सेल्फच्या जागी मन आलं आणि समोर जन उभे राहिले. इंग्रजी वाक्यात माणूस एकटाच लाजतो. आपल्याकडे लाजायलाही गल्ली लागते.

मुली पहिल्या महिन्यात कागदावर ही भाषांतरं करतात तेव्हा स्वतःला शोधत बसतात. मराठीत सेल्फ बऱ्याचदा स्वतः या शब्दात नसतोच. तो घे मध्ये असतो.

आमच्या मागच्या गल्लीत सतारी-तंबोरे करणारे कारागीर आहेत, मिरजेचा तो जुना धंदा. लहानपणी मी तिथं जाऊन तासन्‌तास बसायचे. गाणं शिकणारा पोरगा तंबोरा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "लावून द्या." तंबोरा लावून देताना त्या काकांची एक लकब होती: कान जवळजवळ भोपळ्याला टेकवून, डोळे मिटून, तारेतला मणी नखानं कणभर वर, कणभर खाली. मग जव्हारीवर दोरा सरकवायचा. शेवटी तंबोरा पोराच्या हातात देत म्हणायचे, "आता बैठकीत बसल्यावर तुझा तू लावून घे." क्रिया तीच, तारा त्याच. दे म्हटलं की फळ दुसऱ्याकडे, घे म्हटलं की आपल्याकडे. धुऊन दे, धुऊन घे. समजून दे चालत नाही पण समजून घे चालतं, कारण समज दुसऱ्याला काढून देता येत नाही. आवरून घे, जेवून घे, बघून घे, रडून घे. इंग्रजी शिक्षिकेनं असं म्हणू नये, पण "रडून घे" याला इंग्रजीत चांगलं वाक्य नाही.

ही सोय जुनी आहे. संस्कृतात शाळेत परस्मैपद-आत्मनेपद घोकताना कुणी सांगितलं नाही की हीच ती गोष्ट. परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी, आत्मने म्हणजे आपल्यासाठी. पाणिनीनं नियमच केलाय की क्रियेचं फळ कर्त्याकडे येत असेल तर अमुक धातूंना आत्मनेपद लावावं. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तो यजति. ज्याच्या घरचा यज्ञ, ज्याला पुण्य मिळायचं, तो यजते. आणि त्या यजतेवरूनच शब्द आला यजमान.

जिथं पोचायचं नव्हतं तिथं मी इथून पोचले. माझी आई वडिलांचा उल्लेख नावानं कधी करत नसे. "आमचे यजमान फिरायला गेलेत." म्हणजे साठ वर्षं ती आमच्या बाबांना एका आत्मनेपदी रूपानं संबोधत होती, दोघांनाही पत्ता नसताना. गेल्या वर्षी आयर्लंडला गेलेल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. वृद्धाश्रमात नोकरी. तिथल्या एका आजीबाई रोज संध्याकाळी विचारतात, "इज हिमसेल्फ कमिंग?" हिमसेल्फ? कोण हिमसेल्फ? "मॅडम, मागं कर्ता नाही, काही नाही, नुसता हिमसेल्फ!" मी सांगितलं, आयर्लंडात घरच्या कर्त्या पुरुषाला तसंच म्हणायची रीत आहे. म्हातारी नवऱ्याबद्दल विचारतेय. पलीकडून दोन सेकंद काही आवाज नाही, मग: "म्हणजे, 'हे' येणारेत का?" बरोब्बर. आमच्या पोरीला डब्लिनकडच्या म्हातारीचं वाक्य समजायला इंग्रजी व्याकरण उपयोगी पडलं नाही, आजी उपयोगी पडली.

इकडची मंडळी मायसेल्फ घेऊन जो गोंधळ करतात त्याबद्दलही माझं मत हल्ली मवाळ झालंय. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगी उभी राहून "मायसेल्फ अमुक, फ्रॉम जयसिंगपूर" असंच सुरू करते. पूर्वी मी तिथंच तोडायची: कर्त्याच्या जागी आय, मायसेल्फ नाही. आता आधी पूर्ण ऐकून घेते. माझा अंदाज असा की नुसतं आय त्यांना उद्धट वाटतं. एक अक्षर, तेही कॅपिटल, छाती काढून उभं. मायसेल्फ कसं लांब आहे, मऊ आहे, हात जोडल्यासारखं आहे. आणि हे फक्त आपलंच नाही. इंग्लंडातल्या ऑफिसांतून "प्लीज काँटॅक्ट मायसेल्फ" अशी पत्रं सुटतात, तिथले व्याकरणवाले त्यावर दात-ओठ खातात. मी म्हटलं की आढ्यता, मला म्हटलं की गावंढळ, मग माणूस मायसेल्फच्या आडोशाला जातो.

आपल्याला त्यांना हसायचा अधिकार नाही, कारण आपल्या आपणनं काय काय केलंय. संस्कृतातला आत्मन् प्राकृतात अप्पा झाला, त्याचा मराठीत आप, आपण. आता बघा: "आपण कोण?" इथं तो आदरार्थी तुम्ही. "आपण सिनेमाला जाऊ" इथं तू आणि मी मिळून. "आपण नाही बुवा असल्या भानगडीत पडत" इथं नुसता मी. आणि "तो म्हणाला आपण येणार नाही" इथं तो स्वतः. एका आत्म्याचे चार जन्म. या शेवटच्या आपणवर काशी वाली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी बरंच लिहिलंय, कारण तो इंग्रजी सेल्फला जमत नाही ते करतो: मधली भिंत ओलांडून पलीकडच्या वाक्यातल्या माणसाला जाऊन धरतो. इंग्रजी हरसेल्फला आपल्या खोलीतलाच कर्ता लागतो. सरावात एकदा मी वाक्य दिलं, "आजी म्हणाल्या आपण आज आंघोळ करणार नाही." एकीनं लिहिलं, "ग्रँडमदर सेड वी विल नॉट टेक बाथ टुडे." सगळा वॉर्ड पारोसा.

मस्टचंही आपल्याकडे रूप निराळं. इंग्रजीत आय मस्ट, आय कॅन, आय शुड. काहीही असो, आय आपल्या खुर्चीतून उठत नाही. मराठीत सक्ती आली की मी चा मला होतो. मला जायला पाहिजे. मला जावं लागतं. मला जमतं, मला येतं. करायची वेळ आली की मी कर्त्याच्या जागेवरून उठून देणेकऱ्यांच्या रांगेत उभी. शकणे तेवढं मी ठेवतं, पण "मी चालू शकते" हे डॉक्टरपुढचं बोलणं; घरात "मला चालवतं" किंवा "चालवत नाही". शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणायचे आणि दोन मार्कांपलीकडे त्याची कुणी विचारपूस करत नसे. करवत नाही, बघवत नाही, राहवत नाही. आय कुडन्ट हेल्प मायसेल्फ या चार शब्दांच्या वाक्यातली चारही माणसं "राहवलं नाही" या दोन शब्दांत बसलीत: कुड त्या वकारात, आणि मायसेल्फ कुठंच नाही.

याउलट वाक्यही आपल्याकडे आहे, जिथं आत्मा चांगला दोनदोनदा येतो. आई स्नानानंतर गीता म्हणायची, पाठ पंधरावा अध्याय, पण सहाव्यातला एक श्लोक तिच्या तोंडी येता-जाता असायचा: उद्धरेदात्मनात्मानम्. उद्धरेत् हे विधिलिङ्, म्हणजे इंग्रजीतला शुड. आणि त्याच्यापुढं आत्मना आत्मानम्, आपणच आपल्याला. मोडलनंतर रिफ्लेक्झिव्ह, एकदा साधन म्हणून, एकदा कर्म म्हणून. आई याचा अर्थ "आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही" असा सांगायची, आणि तो सांगून मला स्वयंपाकघरात कामाला लावायची.

ही आई आता ब्याऐंशीची. गेल्या श्रावणात मागच्या दारी निसरड्यात पाय घसरून पडली, उजवा हात टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. बाबा गेल्यापासून ती वरच्या खोलीत तिचं तिचं करून राहत होती. आता मी तिला आंघोळ घालायला लागले.

पहिल्या दिवशी तपासायला आलेल्या मुलानं, फिजिओथेरपीवाला, कोवळा पोरगा, हातातला कागद बघत विचारलं, "आजी, स्वतः कपडे घालू शकता? स्वतः जेवू शकता?" सहाच्या सहा प्रश्न क्रमानं आले. मी दारात उभी राहून मनातल्या मनात त्यांचं इंग्रजी करत होते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच उत्तर दिलं. "माझं मला करवत नाही हो सध्या."

माझं मला. मुलींना मी हे कधी शिकवलं नव्हतं, फळ्यावर कधी आलं नव्हतं. माझं मला, तुझं तुला, त्याचं त्याला, ज्याचं त्याला. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक मालक आणि एक जमवणारा, शेजारीशेजारी. धडधाकट होती तोवर आईच्या बोलण्यात हे ऐकल्याचं मला आठवत नाही. तेव्हा ती "आंघोळ केली" एवढंच म्हणायची.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी हात बघून आम्ही दोघी गप्प झालो. बारीक झालेला, कातडी पांढुरकी, बोटं सुजलेली. मऊ चेंडू दाबायचा व्यायाम दिला. ती टीव्हीपुढं बसून मालिकेतल्या सासवांचा गळा दाबल्यासारखा तो चेंडू दाबायची. पंधरा दिवसांनी चमचा धरता आला, महिन्यानं वेणी. वेणी म्हणजे तीन पदर कसेबसे एकात एक, पण तिची.

परवा सकाळी मी नेहमीसारखी ब्लाउजची हुकं लावून द्यायला पुढं झाले. सहा हुकं असतात. तिनं डाव्या हातानं माझा हात बाजूला केला.

"तू जा. तुझ्या पोरी येतील आता. मी घेते लावून."

"उशीर होईल गं."

"होऊ दे की. मला कुठं परीक्षेला जायचंय."

मी खाली आले. सोप्यात दोघी आधीच येऊन बसल्या होत्या, एकीच्या हातात कार्ड: पक्षाघाताचा पेशंट, उद्या घरी जाणार, लेकीला काय काय सांगायचं. म्हणजे आज मी लेक. ती मुलगी घसा खाकरून सुरू झाली, "युवर मदर मे नॉट बी एबल टू ड्रेस हरसेल्फ ॲट फर्स्ट." वाक्य अचूक होतं. मे, मग नॉट, मग बी एबल टू, मग ड्रेस, आणि हरसेल्फ आपल्या जागी. मी मान डोलवली आणि पुढं चल म्हटलं.

वीसेक मिनिटांनी आई जिन्यावरून उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी. पदर खांद्यावरून नीट घेतलेला. वरून तिसरं हूक चौथ्यात गेलं होतं, त्यामुळे खालचं एक मोकळंच राहिलेलं. पदराखाली होतं ते. मी काही बोलले नाही.

"चहा टाकू का गं पोरींना?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.